मंद गतीवर पारखलेली पात: 24 फुटी फायबर नौकेसोबतचा पहिला हंगाम

गेल्या दसऱ्यानंतर आम्ही मालवण तालुक्यातल्या देवबागजवळ कर्ली नदीच्या खाडीत नवी पात, म्हणजे मासेमारीची उघडी नौका, उतरवली आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात ती वर ओढून शाकारून ठेवली. मधल्या साडेसात महिन्यांत तिच्या इंजिनाला बसवलेल्या तासमापकात 260 तास जमले, इंजिनाचे तेल तीनदा बदलले गेले, बांगड्याची जाळी, तळाची जाळी आणि इसवणाच्या (सुरमईच्या) गऱ्या, म्हणजे गळ, या तिन्ही कामांना ती लागली, आणि एकदा तिने आम्हाला चांगलेच घाबरवले. एवढा काळ वापरल्याशिवाय तिच्याविषयी काही लिहायचे नाही, असे मी उतरवण्याच्या दिवशीच ठरवले होते, कारण पहिल्या पंधरा दिवसांत माझे जे मत झाले होते ते पुढे जवळजवळ पूर्ण बदलले.

पात 24 फूट लांब आणि मध्यावर 6 फूट रुंद आहे; अंग फायबरचे, नाळ (पुढचे टोक) उंच आणि पुढे झुकलेली, तळ पुढच्या भागात धारदार व मागे बराचसा सपाट. मागच्या फळीवर 40 अश्वशक्तीचे, चार-स्ट्रोकचे, पेट्रोलवर चालणारे जपानी इंजिन असून ते हँडलने वळवायचे आणि तेच हँडल पिळून वेग वाढवायचा आहे. सुरू करायला बॅटरी आहे, पण दोरी ओढूनही ते सुरू होते. नौका, इंजिन, बॅटरी, जीवरक्षक जॅकेट आणि नोंदणीचा खर्च मिळून रक्कम आठ लाखांच्या घरात गेली. यार्डाचे आणि इंजिन कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही. या जातीच्या पाती आमच्या किनाऱ्यावर अनेक जण बांधतात, साचे एकमेकांसारखेच असतात, आणि मी जे लिहिणार आहे त्यातले बहुतेक या जातीला लागू आहे, एका कारखान्याला नव्हे.

आमची आधीची होडी लाकडी होती, 22 फुटांची, उलांडी (तोल राखायला बाजूला बांधलेले तरंगते लाकूड) लावलेली, मागे 15 अश्वशक्तीचे दोन-स्ट्रोकचे इंजिन. काकांनी ती एकवीस वर्षे चालवली आणि शेवटची आठ वर्षे मी त्यांच्याबरोबर होतो. हे सांगणे आवश्यक आहे, कारण पुढे मी जिथे जिथे नव्या पातीला नावे ठेवली आहेत किंवा तिचे कौतुक केले आहे, तिथे तुलनेच्या दुसऱ्या पारड्यात ती जुनी होडी आहे. फायबरच्याच नौकेवर शिकलेल्या माणसाला माझ्या काही अडचणी अडचणी वाटणार नाहीत.

विक्रेत्याने आम्हाला नौका दाखवली ती खाडीच्या आतल्या शांत पाण्यात, सकाळी आठ वाजता, तिघे जण बसलेले, जाळे नाही, बर्फ नाही, टाकी अर्धी. त्याने हँडल पूर्ण पिळले, नाळ वर उचलली गेली, मग खाली बसली आणि जीपीएसवर ताशी 19 सागरी मैलांचा आकडा आला. आम्ही हरखून गेलो, हे मान्य करतो. परंतु हंगामाच्या शेवटी वहीत मांडून पाहिले तेव्हा 260 तासांपैकी पूर्ण वेगाचे तास वीसदेखील भरले नाहीत. बाकी सगळा वेळ जाळे सोडणे, जाळे ओढणे, गऱ्या ओढत फिरणे, खाडीच्या मुखावरच्या वाळूच्या पट्ट्यावरून आत-बाहेर करणे आणि खडपांच्या कडेने चाचपडत जाणे यात गेला, आणि ही सगळी कामे ताशी दोन ते सहा मैलांच्या गतीत होतात. किनाऱ्यालगतच्या मासेमारीसाठी नौका निवडायची तर तिची परीक्षा त्या गतीत घेतली पाहिजे, आणि आम्ही ती घेतली नव्हती. या लिखाणात वेगाबद्दल यापुढे फारसे काही नाही.

सुदैवाने इंजिनाच्या पुस्तिकेनेच आम्हाला सुरुवातीला हळू चालायला भाग पाडले. नव्या चार-स्ट्रोक इंजिनाचे भाग एकमेकांत नीट बसण्यासाठी पहिले दहा तास जपायचे असतात: पहिला तास अर्ध्या हँडलपर्यंत, दुसरा तास पाऊण हँडलपर्यंत आणि उरलेले आठ तास कोणत्याही गतीने, पण पूर्ण वेग सलग पाच मिनिटांहून अधिक नाही. आमच्याकडे बरेच जण हे दहा तास खाडीत नौका बांधून, इंजिन नुसते चालू ठेवून संपवतात. तसे करू नये. भार नसलेले इंजिन बसत नाही, आणि त्या दहा तासांत माणसाला जे शिकता येते तेही वाया जाते. आम्ही ते तास खाडीच्या मुखाशी घालवले. पावसाळ्यानंतर कर्लीच्या मुखावरचा वाळूचा पट्टा दरवर्षी आपली जागा आणि आकार बदलतो, त्यामुळे जुन्या होडीच्या काळापासून काका दर हंगामाच्या सुरुवातीला बांबूने पाणी मोजत मार्ग ठरवतात. यंदा ते काम नव्या पातीवरून केले. मी हँडल धरून अगदी सावकाश चाललो होतो, काका नाळेवर उभे राहून बांबू टोचत होते, आणि माझा चुलतभाऊ किनाऱ्यावरच्या खुणा वहीत लिहून घेत होता: अमुक माड तमुक घराच्या कोपऱ्यावर आला की वळायचे, भोगव्याच्या बाजूचा खडक उघडा पडला की सरळ जायचे.

त्या तीन सकाळींत पहिली गोष्ट लक्षात आली ती अशी की ही पात हळू चालताना सरळ चालत नाही. जुन्या होडीचा पठाण, म्हणजे तळाचा कणा, टोकापासून टोकापर्यंत खोल होता, आणि शिवाय उलांडी होती. हँडल सोडून विडी पेटवली तरी ती आपली वाट सोडत नसे. नवीचा तळ मागे सपाट असल्याने मंद गतीत तिची नाळ डावीकडे-उजवीकडे भटकते आणि माणूस ती सावरायला जातो तेव्हा ती जरा उशिराने प्रतिसाद देते, मग एकदम जास्त वळते. मी दर वेळी उलट हँडल मारत होतो आणि पाण्यावर नागमोडी रेघ उमटत होती. काका मागे न पाहताच म्हणाले, “तिका घाई लावू नको, ती काय करता ता आदी बघ.” तो सल्ला अक्षरशः खरा ठरला. हँडल हातात घट्ट न पकडता नुसते टेकवून ठेवले, नाळेऐवजी दूरच्या खुणेकडे नजर लावली आणि दोन-तीन हात भटकणे तिला मोकळे दिले, की ती स्वतःच परत येते. मला हे अंगवळणी पडायला महिना लागला. ज्यांनी लाकडी होडीवर हात बसवला आहे त्यांनी एवढा वेळ गृहीत धरावा.

दुसरी गोष्ट कळायला मात्र भीती वाटावी लागली. नोव्हेंबरच्या मध्यावर एके दिवशी आम्हाला परतायला उशीर झाला. दुपारचा एक वाजून गेला होता, वायव्येचा वारा चढला होता आणि सुकती, म्हणजे ओहोटी, जोरात लागली होती. अशा वेळी खाडीचे पाणी बाहेर ओढत असते, समुद्राची लाट आत येत असते, दोघांची गाठ नेमकी वाळूच्या पट्ट्यावर पडते आणि एरवी लांब, लोळत येणारी लाट तिथे आखूड होऊन उभी राहते. जुनी होडी अशा पाण्यात जड म्हशीसारखी चालायची. लाट मागून यायची, मागचा भाग उचलायची आणि खालून निघून जायची. नवी पात हलकी. मागून आलेल्या लाटेने तिला उचलले आणि ती लाटेबरोबर धावू लागली, नाळ समोरच्या खोलगटात टेकली, मागची बाजू उजवीकडे सरकली आणि क्षणभर पात लाटेला आडवी होऊ लागली. माझ्या हातून हँडल निसटलेच होते. मी सवयीने वेग कमी केला, आणि तेच चुकीचे होते, कारण इंजिनाच्या पाण्यातल्या पंख्याचा रेटा गेला की हँडलच्या इंजिनाला वळवण्याची ताकदच राहत नाही. चुलतभावाने मागे झेपावून हँडल पिळले, पंख्याने पाणी धरले, पात सरळ झाली आणि आम्ही आत आलो. एक टोपले मासळी, बर्फाची पेटी आणि काकांचा टॉर्च समुद्रात गेला. माणसे सुरक्षित राहिली.

त्या दिवशी माझ्या मनगटाला इंजिन बंद करणाऱ्या बटणाची लाल दोरी बांधलेली नव्हती. मी पाण्यात पडलो असतो तर इंजिन चालूच राहिले असते आणि पात गोल फिरून पंखा माझ्यावर आला असता. उघड्या नौकांवर अशा तऱ्हेने माणसे जखमी होतात हे मला ठाऊक होते, तरीही दोरी हँडलला गुंडाळून ठेवली होती. त्या दिवसापासून दोरी मनगटावर नसेल तर आमच्याकडे इंजिन सुरू करत नाहीत. 15 अश्वशक्तीवर आम्ही हा नियम पाळला नाही आणि निभावले. 40 अश्वशक्तीला हलकी नौका जोडली की ते निभावत नाही. जीवरक्षक जॅकेट आता बाकाखाली न राहता पट्टा ओलांडताना अंगावर असते, आणि तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांक इंजिनाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला रंगाने लिहिला आहे.

पट्टा ओलांडण्याची नवी रीत आम्ही त्यानंतर भरतीच्या वेळी, बऱ्या पाण्यात, पुन्हा पुन्हा घोटली. आत येताना पुढे गेलेल्या लाटेच्या पाठीवर राहायचे, तिच्या माथ्याला ओलांडायचे नाही, मागची लाट जवळ आली की हँडल किंचित पिळायचे, पुढचीच्या माथ्यावर चढू लागलो की किंचित सैल करायचे, पण हात कधीही पूर्ण सोडायचा नाही. हे जमू लागल्यावर मला या पातीची खरी किंमत कळली. जुन्या होडीला लाट जिकडे नेईल तिकडे जावे लागे आणि आपण फक्त दिशा राखत असू. नवीला लाटेच्या गतीशी गती जुळवता येते, आणि ज्याने ते शिकून घेतले त्याला ही पात अधिक सुरक्षित आहे. न शिकणाऱ्याला ती जुनीपेक्षा धोक्याची आहे. विकणाऱ्याने यातले एक अक्षर सांगितले नव्हते.

पट्ट्यावर नाळ टेकण्याचे आणि इतर वेळी ती उगाच उंच राहण्याचे मूळ वजनाच्या मांडणीत आहे, हे आम्हाला डिसेंबरात उमगले. चार-स्ट्रोकचे 40 अश्वशक्तीचे इंजिन शंभर किलोच्या आसपास भरते. त्याच ताकदीची दोन-स्ट्रोकची इंजिने त्याहून बरीच हलकी असतात, आणि ज्या साच्यातून ही पात निघते तो साचा बहुधा त्या हलक्या इंजिनांच्या काळातला असावा. त्या शंभर किलोंच्या जोडीला यार्डाने बॅटरीही मागे बसवली होती आणि पेट्रोलच्या टाकीची जागाही मागेच आखली होती. हँडल धरणारा माणूस मागे बसतो तो वेगळाच. परिणामी रिकामी पात पाण्यावर उभी असताना मागे इतकी बसायची की उतरत्या लाटेचे पाणी फळीवरून आत यायचे. आम्ही बॅटरी मधल्या बाकाखाली नेली, 25 लिटरच्या दोन टाक्यांपैकी एक पुढे सरकवली, बर्फाची पेटी नाळेच्या मागच्या खणात पक्की बांधली. यात केबल वाढवण्यापलीकडे खर्च झाला नाही, आणि पात निराळीच झाली: समोरच्या लाटेवर आपटणे अर्ध्यावर आले आणि मंद गतीतले भटकणेही कमी झाले. असे साधे काम यार्डातच का होऊ नये, हा प्रश्न मी त्यांना विचारला आणि मला समाधानकारक उत्तर मिळाले नाही.

इंजिनाच्या उंचीबद्दलही हेच. पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते ती नौकेच्या तळाच्या रेषेत किंवा इंचभर खाली असावी लागते. आमची पट्टी दीड-दोन इंच वर होती, त्यामुळे वळताना आणि लाटेच्या माथ्यावर पंखा हवा ओढून घ्यायचा, इंजिन किंचाळायचे आणि रेटा नाहीसा व्हायचा. इंजिन एक भोक खाली घेऊन बोल्ट आवळल्यावर ते थांबले. नवी नौका घेणाऱ्याने ती पाण्यात घालण्याआधी तळाला सरळ फळी लावून ही पट्टी पाहून घ्यावी. पाच मिनिटांचे काम आहे.

आता जाळ्याविषयी, कारण आमच्या दृष्टीने या पातीचा निकाल तिथेच लागतो. जाळे ओढताना नौका स्थिर उभी राहायला हवी आणि वाऱ्यापेक्षा पाण्याच्या ओढीबरोबर जायला हवी, कारण जाळेही पाण्याबरोबर जात असते. जुनी होडी पाण्यात खोल बसायची आणि वर कमी दिसायची, त्यामुळे ती आणि जाळे जवळजवळ एकत्र वाहत. नवी पात वर उंच आणि खाली उथळ आहे. वारा तिला ढकलतो, पाणी जाळ्याला ओढते, आणि दोघांची दिशा वेगळी असली की पात एक तर जाळ्यावर चढते किंवा जाळे ताणून धरते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आमचे तंगूस, म्हणजे नायलॉनचे जाळे, दोनदा पंख्यात गेले आणि एकदा तर कापून काढावे लागले. उपाय काकांनी शोधला. पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असतो तोवर, म्हणजे साधारण नऊ-साडेनऊपर्यंत, जाळे उचलायला सुरुवात करायची. पात वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवायची, म्हणजे वारा तिला जाळ्यापासून दूर ढकलील, जाळ्यावर नाही. इंजिन बंद करून पूर्ण वर उचलायचे. आणि तरीही ती जास्त सरकू लागली तर तळाला भोके पाडलेली मोठी बादली दोरीने पाण्यात सोडायची. बादली पाणी धरते आणि पात अडून राहते. दिसायला ही युक्ती किरकोळ आहे, पण जानेवारीपासून एकही जाळे पंख्यात गेले नाही.

मात्र एका दोषावर युक्ती चालत नाही. या पातीला तीन आडवी बाके आहेत आणि ती साच्यातच अंगाला जोडलेली आहेत. तारकर्ली-देवबागला पर्यटक फिरवणाऱ्या नौका याच तऱ्हेच्या अंगाच्या असतात, आणि बाकांची आखणी पाहिली की ती माणसे बसवण्यासाठी केली आहे हे स्पष्ट कळते. मासेमाराला मधली मोकळी जागा हवी असते, जिथे जाळे पडेल, मासळी सोडवता येईल आणि दोन माणसे समोरासमोर पाय रोवून उभी राहतील. आमच्याकडे जाळे दोन बाकांच्या मधल्या साडेतीन फुटांत साचते आणि माणूस बाकावर चढून ओढतो. ओल्या फायबरवर पाय निसटतो, आणि उंचीवर उभ्या माणसाचे वजन नौकेला डोलवते. पर्यटनावर माझा राग नाही, आमच्या वाडीतल्या अनेक घरांचे पोट त्यावर चालते. पण जी नौका मासेमारीची म्हणून विकली जाते तिचे मधले बाक काढता येण्याजोगे असले पाहिजे, आणि मागणी नोंदवतानाच हे लेखी मागून घ्यावे. साच्यातून निघाल्यावर ते कापायचे म्हणजे अंगाचा आधार कापायचा आणि तो दुसऱ्या कशाने तरी भरून द्यायचा.

काठाची उंचीही थोडी जास्त आहे. लाटेपासून ती वाचवते, पण जाळे ओढताना शिशाची दोरी काठावरून घासत येते आणि ओढणाऱ्याच्या कंबरेवर ताण पडतो. काका 67 वर्षांचे आहेत. हंगामाच्या अखेरीस त्यांनी जाळे ओढणे आम्हा दोघांवर सोपवले आणि स्वतः मासळी सोडवायला बसू लागले. काठाला रबरी नळी बसवल्यावर घासणे कमी झाले.

जिथे ही पात मला मनापासून आवडली ते काम म्हणजे गऱ्या ओढत इसवणामागे फिरणे. नोव्हेंबर ते जानेवारी आम्ही निवतीच्या बाजूला आठ ते बारा वाव (एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट) पाण्यात, ताशी चार-साडेचार मैलांनी, दोन दोऱ्या मागे सोडून तासन् तास फिरलो. जुने दोन-स्ट्रोकचे इंजिन एवढ्या मंद गतीत धूर ओकायचे, प्लग काळे पडायचे, तासाभराने ते अडखळायचे आणि मग एकदा जोरात पळवून मोकळे करावे लागायचे, तोवर मासा गेलेला असे. चार-स्ट्रोकचे इंजिन त्याच गतीत इतके शांत आणि एकसारखे चालते की तिघांना सामान्य आवाजात बोलता येते, दोरीची फिरकी वाजली तर ऐकू येते आणि घरी आल्यावर डोके दुखत नाही. पहिल्या दिवशी मला इंजिन बंद पडले असे वाटून मी दोनदा मागे वळून थंडाव्याच्या पाण्याची धार पडते आहे ना ते पाहिले. यंदा इसवण बरे मिळाले त्याचे श्रेय मी नौकेला देणार नाही, ते समुद्राचे देणे आहे. पण पूर्वी दोन तासांत कंटाळून परतणारे आम्ही यंदा चार-पाच तास पाण्यावर राहिलो, हे मात्र नौकेमुळे.

खर्चाचे आकडे माझ्या वहीतले आहेत आणि आमच्या भाराला, आमच्या पाण्याला लागू आहेत. गऱ्या ओढताना तासाला सुमारे अडीच लिटर पेट्रोल लागते, जाळे घेऊन ताशी 11 मैलांनी जाताना सुमारे आठ लिटर, आणि पूर्ण वेगात चौदा-पंधरा लिटर. म्हणजे पूर्ण वेगाने जाऊन वाचणाऱ्या दहा मिनिटांची किंमत पेट्रोलात फार भरावी लागते. जुन्या इंजिनात पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागे, तो खर्च आणि ती कटकट गेली.

पेट्रोलबाबत एक सावधगिरी प्रत्येकाने घ्यावी. आमच्या इंजिनाच्या पुस्तिकेत इथेनॉलची मर्यादा दहा टक्के दिली आहे, आणि पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल हवेतले पाणी शोषते, समुद्रावर हवा कायम दमट, आणि टाकी अर्धी रिकामी ठेवून पंधरा दिवस गेले की पाणी व इथेनॉल तळाला वेगळे बसते आणि इंजिनाला तेच आधी मिळते. फेब्रुवारीत एका लग्नासाठी आम्ही बारा दिवस घरी राहिलो, आणि त्यानंतर इंजिन भर समुद्रात तीनदा बंद पडले. आता टाकी आणि इंजिनाच्या मधोमध पाणी वेगळे काढणारा, पारदर्शक वाटी असलेला फिल्टर बसवला आहे, रोज निघण्यापूर्वी ती वाटी उन्हात धरून पाहतो, आणि चार दिवसांहून अधिक सुट्टी असेल तर टाकीतले पेट्रोल मोटारसायकलींना वाटून टाकतो. फिल्टर नौकेबरोबर यायला हवा होता. तो आम्ही वेगळा विकत घेतला.

देखभालीच्या बाबतीत फायबरने आमचा बराच काळ वाचवला. लाकडी होडीला दरवर्षी सांधे उघडणे, कापूस ठासणे, तेल पाजणे यात एप्रिल-मेचे कित्येक दिवस जात. नवीला त्यातले काही नाही. मात्र वाळूवर ओढताना तळाची चकाकी झपाट्याने झिजते. दोन महिन्यांत पठाणाच्या धारेवर फायबरचे तंतू दिसू लागले, तेव्हा तिथे जाड पट्टी बसवून घेतली आणि ओढताना खाली ओंडके टाकण्याची जुनी रीत पुन्हा सुरू केली. इंजिनातून रोज दहा मिनिटे गोडे पाणी फिरवतो आणि गंज रोखणारी जस्ताची वडी निम्मी झिजली की बदलतो. आमची पहिली वडी पाच महिने टिकली.

गंभीर तक्रार एकच आहे. नाळेच्या बंद खणात, जिथे नौका बुडू नये म्हणून फोम भरलेला असतो, तिथे पाणी साचत होते. महिनाभर पात पुढे थोडी जड का वाटते ते कळेना. शेवटी झाकणाचे स्क्रू काढून पाहिले तर आत बादलीभर पाणी, कारण नांगराची कडी बसवताना बोल्टच्या भोकांना पाणी अडवणारी लांबी लावलेलीच नव्हती, आणि खणाला पाणी काढण्याचे बूचही नव्हते. फोमने एकदा पाणी धरले की तो तरंगवण्याचे काम सोडून ओझे बनतो. यार्डाला फोन केला, छायाचित्रे पाठवली, ‘माणूस पाठवतो’ असे सात आठवडे ऐकले, आणि अखेर मालवणातल्या एका फायबर कारागिराकडून ते काम करून घेतले. त्याने फोम काढून वाळवला, भोके बंद केली, बूच बसवले आणि दीड दिवसात पात परत दिली. इंजिनाच्या विक्रेत्याबद्दल मात्र असे म्हणता येणार नाही. वीस तासांनंतरची पहिली सेवा त्यांनी किनाऱ्यावर येऊन केली आणि कोणते तेल, किती, का, हे चुलतभावाला समजावून दिले, त्यामुळे पुढच्या दोन सेवा त्याने घरीच केल्या.

मग ही पात घ्यावी का? खाडीतून पट्टा ओलांडून जाणाऱ्या, दोन-तीन माणसांनी जाळे आणि गऱ्या दोन्ही करणाऱ्या, रोज दुपारपूर्वी परतणाऱ्या घराला मी ती घ्या असे सांगेन, पण बाकांची आखणी बदलून आणि पहिले दोन महिने मासळीच्या हिशेबात न धरता. केवळ जाळ्यावर असणाऱ्याने थोडे खोल अंगाचे, कमी उंच काठाचे अंग शोधावे, आणि 40 ऐवजी 25 किंवा 30 अश्वशक्तीचे इंजिन पुरेल का ते पाहावे. आमच्या भाराला ते पुरले असते असे आता मला वाटते. एकट्याने समुद्रावर जाणाऱ्याला ही नौका मी सुचवणार नाही, कारण मंद गतीत तिला सतत एक हात लागतो.

आता जून आणि जुलैची मासेमारी बंदी आहे आणि पात झापांखाली उभी आहे. या दोन महिन्यांत करायची कामे वहीत लिहिली आहेत. मधले बाक कापून त्याच्या जागी दोन्ही अंगांना आतून आधार द्यायचा आहे. ज्या कारागिराने नाळेचा खण दुरुस्त केला त्यानेच ते स्वीकारले आहे. आणि पंखा बदलायचा आहे. सोबत आलेला पंखा रिकाम्या नौकेला पळवण्यासाठी निवडलेला दिसतो. जाळे, बर्फ आणि तिघे जण असताना हँडल पूर्ण पिळले तरी इंजिन मिनिटाला 4,700 फेऱ्यांच्या वर जात नाही, आणि पुस्तिकेप्रमाणे ते 5,000 ते 6,000 मध्ये असायला हवे. पिच, म्हणजे एका फेरीत पंखा जेवढे अंतर पुढे सरकायला हवे ते, दोन इंचांनी कमी केला तर तीनशे-चारशे फेऱ्या वाढतील, कमाल वेग एखाद-दुसऱ्या मैलाने घटेल, आणि जाळ्याशेजारी हळू सरकताना पात आत्तासारखी एकदम पुढे झेप घेणार नाही. नवा पंखा सांगून ठेवला आहे. ऑगस्टात पट्ट्यावर बांबू टोचायला जाऊ तेव्हा तो बसवलेला असेल.